मदत आणि मुदत

ओमानच्या एका रियालचे हजार भाग होतात आणि त्या भागाला तिथे 'बैसा' म्हणतात. हा आपलाच पैसा. अरबीत 'प'चा उच्चार नाही, म्हणून 'प'चा 'ब' झाला, एवढाच काय तो फरक. व्युत्पत्तिकार पैशाचं मूळ 'पद' आणि 'अंश' या जोडीत शोधतात. पदांश म्हणजे चौथा हिस्सा. आण्याचे चार पैसे आणि रुपयाचे चौसष्ट, हा हिशेब लहानपणी तोंडपाठ केलेली माणसं आपल्या घरांत अजून आहेत. मस्कतच्या बाजारातही तेव्हा रुपयाच चालायचा. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखाती मुलखासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या आणि ओमानात त्या १९७० पर्यंत चलनात होत्या. पुढे रुपया गेला, रियाल आला, पण सुट्या नाण्याला जुन्याच नावाने हाक मारायची सवय लोकांनी सोडली नाही. आज मस्कतमध्ये एखाद्या मुलाने दानपेटीत नाणं टाकलं, तर तो पैसाच टाकतो, आणि तसं म्हणतोही.

पैसा इकडून तिकडे गेला. तिकडून इकडे काय आलं, याचा शोध मी काही काळ घेत होतो, आणि त्याला निमित्त होतं लहान मुलांच्या हृदयविकाराचं. परमुलखात राहणाऱ्या मराठी कुटुंबात एखादं बाळ हृदयाचा दोष घेऊन जन्माला येतं. डॉक्टर शस्त्रक्रिया सांगतात, खर्चाचा आकडा सांगतात, आणि त्या रात्री आईबाप जो निरोप लिहायला बसतात त्यात एक शब्द हमखास असतो. दान नसतो, देणगी नसतो, खैरात तर नसतोच. 'मदत' असतो. खारघरमध्ये असो, कोल्हापुरात असो की मस्कतच्या रुवी भागातल्या दोन खोल्यांत, मराठी माणसाच्या तोंडी अडचणीच्या वेळी हाच शब्द येतो. आणि हा शब्द अरबी आहे.

तो थेट मस्कतहून गलबतात बसून आला, असं मी म्हणणार नाही. तो फारसीच्या हाताला धरून आला. बहामनी काळापासून दख्खनच्या सुलतानांच्या दफ्तरांत रुळला आणि तिथून मराठी कागदांत उतरला. मूळ अरबी रूप 'मदद'. शेवटच्या 'द'चा मराठीने 'त' केला आणि शब्द असा घरचा करून टाकला की त्याचं परकेपण आता कानाला लागतही नाही. जुन्या मराठी पत्रव्यवहारात तो बहुतेक वेळा लष्करी अर्थाने भेटतो. वेढ्यात सापडलेल्या किल्ल्याला मदत पोचली की नाही, हा तिथला प्रश्न. त्याच्या शेजारी 'कुमक' उभी असते, ती तुर्की. दोन्हींचा अर्थ एकच : मागून येऊन मिळणारी फौज. आहेत त्या माणसांचं बळ वाढवणारी.

अरबी शब्द तीन व्यंजनांच्या सांगाड्यावर उभे राहतात. 'मदद'चा सांगाडा म, द, द. या धातूचा मूळ अर्थ लांबवणं, ताणणं, पसरणं, पुढे करणं. हात पुढे करणं याच धातूने सांगतात. अंथरूण पसरणं याच धातूने. समुद्राच्या भरतीला अरबीत 'मद्द' म्हणतात, कारण पाणी किनाऱ्यावर पुढे पसरत येतं; मस्कतच्या कोळ्याच्या तोंडी तो शब्द आजही आहे. लिपीत 'अ' लांबवून 'आ' करायची जी खूण असते, तिचं नाव 'मद्दा'. आणि याच सांगाड्यावरून काळाच्या लांबीसाठी एक शब्द झाला : 'मुद्दत'. मराठीत 'मुदत'.

मदत आणि मुदत या सख्ख्या बहिणी आहेत. एकीत हात लांब होतो, दुसरीत काळ. मराठीत आल्यावर त्यांची ताटातूट झाली. मदत माणसांत राहिली, मुदत कचेरीत गेली. मुदत ठेव, मुदतीचं कर्ज, अर्ज भरायची मुदत, मुदतबाह्य औषध. आज कुणाला सांगितलं की या दोघी एका घरच्या, तर पटकन खरं वाटत नाही. पण मुलांच्या हृदयरोगाच्या वॉर्डात एक तास बसलं की पटतं, कारण तिथे या दोन गोष्टी वेगळ्या करताच येत नाहीत.

हजार बाळं जन्मली की त्यांतल्या आठ-नऊ बाळांच्या हृदयाच्या रचनेत काही ना काही दोष असतो. हे प्रमाण जगभर साधारण असंच आढळतं. पुष्कळ दोष किरकोळ असतात. लहानसं छिद्र वाढत्या वयात आपोआप बुजतं. काहींना औषध पुरतं. पण काही दोष मुदत घालून येतात. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची जागा अदलाबदल झालेली असेल, तर शुद्ध रक्त फुप्फुसांकडेच परत फिरत राहतं आणि शरीराला निळं रक्त मिळतं. त्या रक्तवाहिन्या सोडवून पुन्हा योग्य जागी जोडण्याची शस्त्रक्रिया जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत व्हावी लागते. उशीर झाला तर हृदयाचा डावा कप्पा कमी दाबाची सवय लावून घेतो आणि नंतर पूर्ण शरीराचा भार त्याला पेलत नाही. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र असेल तर घाई वेगळ्या प्रकारची असते. जास्तीचं रक्त जोराने फुप्फुसांत शिरत राहतं, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या कडक होत जातात, आणि काही वर्षांनी अशी वेळ येते की छिद्र बुजवता आलं तरी बुजवून उपयोग नसतो. जे ऑपरेशन दोन वर्षांच्या वयात सहज झालं असतं, ते बाराव्या वर्षी डॉक्टर नाकारतात. नाकारताना त्यांच्या तोंडून येणारं वाक्य मराठीत बहुधा असं असतं : आता मुदत गेली.

म्हणून या मुलांच्या बाबतीत पैसे किती जमले याच्याइतकंच ते कधी जमले याला मोल आहे. सहा महिन्यांनी जमलेले पाच लाख आणि सहा दिवसांत जमलेले पाच लाख, यांत एका बाळाचं सगळं आयुष्य मावतं.

ओमानमध्ये हे कसं चालतं, ते थोडं सांगायला हवं. मस्कतमधलं रॉयल हॉस्पिटल १९८७ साली सुरू झालं. अरबीत त्याचं नाव 'अल-मुस्तश्फा अस-सुलतानी'. 'मुस्तश्फा' म्हणजे जिथे 'शिफा' मागायची ती जागा. शिफा म्हणजे बरं होणं. आपलं 'इस्पितळ' पोर्तुगिजांकडून आलं आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधला पाहुणा आहे. पोर्तुगिजांनी १५०७ पासून १६५० पर्यंत मस्कत ताब्यात ठेवलं आणि त्यांचा सगळा पूर्वेकडचा कारभार गोव्यातून चालायचा, तेव्हा एकाच सत्तेने दोन्ही किनाऱ्यांवर आपली इस्पितळाची कल्पना नेली असणार. पण मस्कतने पुढे आपला अरबी शब्द ठेवला, आपण पोर्तुगीज ठेवला. रॉयल हॉस्पिटलच्या आवारात राष्ट्रीय हृदयरोग केंद्र आहे आणि लहान मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया तिथे होतात. ओमानी नागरिकाला सरकारी दवाखान्यातला उपचार जवळजवळ मोफत असतो. परदेशातून आलेल्या कामगाराचं तसं नाही. त्याचा भरवसा मालकाने उतरवलेल्या विम्यावर, आणि जन्मजात दोष म्हटला की विम्याच्या कागदात बारीक अक्षर वाचावं लागतं. ते अक्षर आड आलं की बाप मुलाला घेऊन मायदेशी येतो, किंवा आपल्या माणसांकडे वळतो.

आपल्याकडे अशा वेळी माणसं वर्गणी काढतात. ती मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेली गोष्ट आहे. गणपतीची, वाचनालयाची, शाळेच्या पत्र्याची, आणि कुणाच्या ऑपरेशनची. ओमानमध्ये तशी वर्गणी काढता येत नाही. परवान्याशिवाय लोकांकडून पैसे गोळा करणं हा तिथे गुन्हा आहे. ते काम सामाजिक विकास मंत्रालयाची परवानगी असलेल्या संस्थांनीच करायचं असतं. नव्याने गेलेल्या माणसाला हे जाचक वाटतं. मला तसं वाटत नाही. आजारी मुलाचा फोटो पुढे करून भलत्याच खात्यात पैसे वळवणारे लोक आपण इथे पाहिलेले आहेत, आणि त्यांनी एका खऱ्या बापाचा निरोपही संशयास्पद करून ठेवला आहे. फक्त एवढंच, की नियमातून जायला वेळ लागतो, आणि वेळ हीच या मुलांजवळ कमी असलेली गोष्ट. तिथल्या नोंदणीकृत संस्थांमध्ये 'दार अल-अता' नावाची एक आहे. मराठी कानाला त्यात आपलं दार ऐकू येतं. पण आपलं दार संस्कृत 'द्वार'चं आणि हे अरबी 'दार' म्हणजे घर. 'अता' म्हणजे देणं. देण्याचं घर. सरकारी पातळीवरही १९९६ साली स्थापन झालेली एक धर्मादाय संस्था आहे, आणि तिच्या अरबी नावात 'खैरिया' हा शब्द आहे. त्या शब्दापाशी मला जरा थांबायचं आहे.

'खैर' म्हणजे भलं, चांगलं. अनेकवचन 'खैरात', म्हणजे भली कामं. ओमानमध्ये, किंबहुना सगळ्या अरब जगात, या घराण्यातले शब्द आजही आदराने उच्चारले जातात. मराठीत काय झालं? 'खैर' आपण धमकीपुरती ठेवली : आता तुझी खैर नाही. आणि 'खैरात' तर पार मातीत घातली. सवलतींची खैरात, गुणांची खैरात, पदव्यांची खैरात. पात्रता न पाहता उधळलेलं ते सगळं खैरात. 'खैरातीवर जगणारा' ही सरळ शिवी आहे. एके काळी ज्या शब्दाने देणाऱ्याचं भलेपण सांगितलं जायचं, तो आता घेणाऱ्याला कमी लेखायला वापरतात.

जकातीचं वळण आणखी दूरचं. इस्लाममध्ये 'जकात' हे मोठं कर्तव्य; वर्षभर साठून राहिलेल्या संपत्तीचा चाळिसावा हिस्सा गरजूंसाठी काढायचा. धातूचा अर्थ शुद्ध होणं आणि वाढणं, असा दुहेरी. दख्खनमध्ये व्यापाऱ्याच्या मालावरचा कर या नावाने वसूल होऊ लागला आणि मराठीत जकात म्हणजे नाक्यावरचा कर, एवढाच अर्थ उरला. १६७१ सालचं शिवाजी महाराजांचं कुडाळच्या सरसुभेदाराला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवा, नाहीतर आपल्या मुलखातलं मीठ मार खाईल, असा त्याचा आशय. तिथे जकातीत धर्माचा लवलेशही नाही, निव्वळ राज्यकारभार आहे आणि तो फार दूरदृष्टीचा आहे. मुंबईच्या वेशीवरचे जकात नाके २०१७ च्या जुलैत जीएसटी आल्यावर बंद झाले. ट्रकांच्या रांगा गेल्या, शब्द मात्र ट्रकचालकांच्या आठवणीत तसाच कटकटीचा राहिला. मस्कतमध्ये नव्याने पोचलेल्या मराठी माणसाला कुणी म्हणालं, की अमुक मुलाचं ऑपरेशन जकातीच्या पैशातून झालं, तर त्याला क्षणभर काही उमगणार नाही.

हे अरबी शब्दांच्याच नशिबी आलं असं नाही. घरच्या शब्दांची गत तीच. 'दा' या धातूने आपल्याला दान, देणं, देणगी, दाता दिले, आणि हा धातू फार जुन्या घराण्याचा आहे. लॅटिनमध्ये त्याच घराण्यातून 'दोनुम' झाला, तिथून इंग्रजीत 'डोनेशन' गेला आणि फिरून महाराष्ट्रात आला. पण आला तो खासगी कॉलेजच्या प्रवेशाचे चोरटे पैसे हा अर्थ घेऊन. दान आणि डोनेशन ही एका आजीची नातवंडं. डोनेशन भरलं म्हणताना कुणाच्या मनात दात्याचा विचार येतो? त्याच घराण्यातला ग्रीक 'दोसिस' म्हणजे एका वेळी दिलेलं, आणि तो झाला 'डोस'. बाळाला औषधाचा डोस देणारी परिचारिका शब्दाच्या हिशेबाने दानच करत असते. हा एक शब्द तेवढा निर्मळ राहिला, कदाचित त्याचं कूळ कुणाला ठाऊक नसल्यामुळे.

'दक्षिणा' तर चहापाण्याच्या नावाखाली टेबलाखालून सरकवतात तो अर्थ घेऊन फिरते. हे मला फार लागतं, कारण या शब्दाच्या पोटात महाराष्ट्राच्या शिक्षणाचा इतिहास आहे. पुण्यात पेशवे श्रावणात विद्वानांना दक्षिणा वाटत. राज्य गेल्यावर त्याच दक्षिणेच्या पैशातून १८२१ साली विश्रामबाग वाड्यात हिंदू कॉलेज उघडलं, आणि त्याचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं. हातावर ठेवलेलं द्रव्य संस्थेत बदलण्याची ती पहिली मोठी घटना असावी.

असं सगळं पाहिल्यावर 'मदत' का टिकली, हा प्रश्न उरतो. माझं उत्तर असं आहे, की त्या शब्दात उंची नाही. दान वरून खाली येतं. खैरात वाटली जाते, दक्षिणा ठेवली जाते, बक्षीस खूश होऊन दिलं जातं. मदत मात्र आपण 'करतो'. मदतीला 'जातो', मदतीला 'धावतो'. क्रियापदंच पाहा, त्यात पाय आहेत, हात आहेत. लष्करी मुळातून आलेली बरोबरी त्या शब्दाने सोडलेली नाही. किल्ल्यातला शिपाई आणि मदतीला आलेला शिपाई यांत लहानमोठा कोण? म्हणून रात्री निरोप लिहिणारा बाप हाच शब्द निवडतो. तो हात पसरत नाही, कुमक मागतो.

याच्याही पुढे जाणारा एक शब्द आपल्या कायद्यात आहे आणि त्याचा अर्थ आपण विसरलो आहोत. 'धर्मादाय'. दाय म्हणजे वाटा, वारसाचा हक्काचा हिस्सा. दायभाग, दायाद हे शब्द त्यातलेच. धर्मादाय म्हणजे धर्मासाठी काढून ठेवलेला वाटा. जे आपलं नव्हतंच, ते वेगळं काढणं. कुराणातही श्रीमंताच्या संपत्तीत गरजूचा 'हक्क' सांगितलेला आहे, आणि तो अरबी हक्क तर आपल्या रोजच्या बोलण्यातला. दोन दूरच्या परंपरा एकाच ठिकाणी येऊन पोचल्या, की घेणारा उपकाराचा धनी नाही, वाटेकरी आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा १९५० चा. त्या कायद्याखालच्या रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या २००६ च्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात, शिवाय बिलांच्या रकमेचे २ टक्के निर्धन रुग्ण निधीत टाकावे लागतात. ओमानहून मुलाला घेऊन परत आलेल्या किंवा बीडहून मुंबईला आलेल्या किती आईबापांना हे ठाऊक असतं? धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची पाटी वाचून तिथे देवळांचा कारभार चालत असेल असं समजून माणसं पुढे जातात. शब्दाचा अर्थ कळला असता तर ती आत गेली असती आणि आपला वाटा मागितला असता.

अरबीत अशा वेगळ्या काढलेल्या संपत्तीला 'वक्फ' म्हणतात. अलीकडे आपल्याकडे हा शब्द राजकारणाच्या गदारोळातच ऐकू येतो, म्हणून त्याची ओमानी तऱ्हा सांगतो. धातूचा अर्थ थांबणं, उभं राहणं. जी मालमत्ता खरेदीविक्रीच्या फेऱ्यातून थांबवली, ती वक्फ. जुन्या मराठी दफ्तरांत बंद केलेल्या कामाला 'मौकूफ' म्हणत, ते याच धातूचं. जवळ उभा राहून ज्याने नीट पाहिलं आहे तो 'वाकिफ', म्हणजे जाणकार. त्यावरून मराठीत 'वाकब' आणि 'वाकबगार' आले. बाळाच्या अक्रोडाएवढ्या हृदयावर टाके घालणारा सर्जन वाकबगार असावा लागतो, आणि त्याला तिथे उभं करणारा पैसा वक्फचा असू शकतो. शब्द एकाच कुळीचे.

ओमानच्या डोंगराळ गावांत 'फलज' नावाचे कालवे आहेत. जमिनीखालून किंवा झऱ्यापासून पाणी खेळवत आणणारे. त्यांतले पाच २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. या पाण्याची वाटणी मापाने होत नाही, वेळेने होते. प्रत्येकाला ठरलेला वेळ पाणी मिळतं. दिवसा काठीच्या सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून वेळ मोजायची पद्धत होती. साधारण अर्ध्या तासाच्या पाळीला 'अथर' म्हणतात. अथर म्हणजे खूण, ठसा. सावलीने सोडलेली खूण. हाच शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि 'असर' झाला, औषधाचा असर. गावातला एखादा माणूस मरताना आपली एक पाळी मशिदीसाठी, शाळेसाठी किंवा कालव्याच्या डागडुजीसाठी वक्फ करून जायचा. त्या पाळीचं पाणी विकून येणारं उत्पन्न त्या कामाला लागायचं. दर आठवड्याला, दर पंधरवड्याला, पिढ्यान् पिढ्या. वेळच दान दिलेली मी दुसरीकडे कुठे वाचलेली नाही, आणि मुलांच्या हृदयासाठी निधी उभा करणाऱ्या कुणीही या पद्धतीकडे पाहावं असं मला मनापासून वाटतं. एकदा भरलेली पेटी रिकामी होते. पाळी परत येते.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारा प्रयोग होता पैसा फंड. अंताजी दामोदर काळे यांनी गावोगाव फिरून वर्षाला माणशी एक पैसा मागितला. लोकमान्यांनी पाठीशी बळ उभं केलं. त्या पैशांतून तळेगावला १९०८ साली काचेचा कारखाना निघाला. इथे 'पैसा' हा शब्द पहिल्यांदा आपल्या मूळ अर्थाला उतरला, अंशाच्या अर्थाला. प्रत्येकाचा लहानसा अंश.

आता ज्याच्यासाठी हे सगळं, त्या अवयवाबद्दल. 'हृदय' हा शब्द आपल्या सगळ्यांत जुन्या ठेव्यांपैकी. ग्रीक 'कार्दिया' त्याचा भाऊबंद, आणि 'कार्डियाक'मधून तो दवाखान्याच्या पाटीवर पुन्हा भेटतो. 'काळीज' मात्र मुळात हृदय नव्हे. ते 'कालेय', म्हणजे यकृत. मराठीने जीव तुटण्याची जागा यकृताकडून हृदयाकडे हलवली आणि नाव जुनंच ठेवलं. अरबीत हृदय म्हणजे 'कल्ब', आणि धातूचा अर्थ उलटणं, फिरणं. 'इन्किलाब' त्याच धातूचा. अविरत उलटसुलट होणारा तो कल्ब. हृदयाच्या दोन बाजूंमधल्या पडद्यात अदृश्य छिद्रं असतात आणि त्यांतून रक्त पलीकडे झिरपतं, असं ग्रीक वैद्य गालेनपासून सगळे मानत. १२४२ साली इब्न अल-नफीस या अरब वैद्याने लिहिलं, की पडदा सलग आहे, छिद्रं नाहीत. रक्त फुप्फुसांतून फिरून येतं. निरोगी हृदय कसं असतं हे ज्याला प्रथम नीट कळलं, त्याच्यामुळे पडद्याला छिद्र असणं हा दोष आहे, हे सांगता येऊ लागलं.

भाषेच्या या सगळ्या जाळ्यात आजचं चित्र काय? मुंबईत परळला वाडिया कुटुंबाने बाई जेरबाईंच्या नावाने मुलांचं रुग्णालय १९२९ साली उघडलं आणि गिरणगावातल्या पिढ्या तिथे वाचल्या. खारघरला श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय आहे. मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया तिथे पूर्ण मोफत होतात आणि पैसे घेण्याची खिडकीच नाही. सुनील गावसकरांनी तिथल्या ३५ मुलांच्या शस्त्रक्रियांचा खर्च उचलला. भारतासाठी त्यांची कसोटीत ३४ शतकं आणि एकदिवसीय सामन्यांत एक. प्रत्येक शतकामागे एक मूल. ज्या डावांसाठी मुंबईच्या चाळींत ट्रान्झिस्टरला कान लावून माणसं बसली होती, ते डाव असे पुन्हा मोजले गेले, ही कल्पना मला फार मोठी वाटते. सरकारकडूनही राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाड्यांतून मुलं तपासली जातात आणि हृदयाचा दोष सापडला तर शस्त्रक्रियेची सोय होते. हा कार्यक्रम देशात २०१३ साली पालघरमधून सुरू झाला. राज्याच्या जुन्या योजनेचं नाव 'जीवनदायी' होतं. तिथेही तो 'दा' आहेच. परतून आलेल्या कुटुंबाने या वाटा आधी विचाराव्यात, कर्ज नंतर काढावं.

पण शस्त्रक्रिया झाली म्हणजे काम संपलं, अशी समजूत दात्यांमध्ये फार खोल आहे आणि ती मुलांना महाग पडते. काही दोषांत फुप्फुसाकडे रक्त नेण्यासाठी कृत्रिम नळी बसवावी लागते, किंवा झडप बदलावी लागते. मूल वाढतं, नळी वाढत नाही. सहाव्या वर्षी बसवलेली नळी तेराव्या-चौदाव्या वर्षी अपुरी पडते आणि पुन्हा छाती उघडावी लागते, किंवा मांडीतल्या शिरेतून नवी झडप न्यावी लागते. मधल्या काळात दर वर्षी इको, दातांची निगा, रक्त पातळ ठेवायचं औषध, आणि ते औषध बरोबर लागू पडतंय का हे पाहायला रक्ततपासणी. ही रक्कम लहान असते आणि ती मागायला आईबापांना लाज वाटते, कारण मोठी मदत एकदा घेऊन झालेली असते. निरोप पुन्हा लिहिला जात नाही. तपासणी चुकते.

यासाठी मराठीत एक जुना शब्द तयार आहे : 'वर्षासन'. मूळ 'वर्षाशन', वर्ष आणि अशन, वर्षभराचं अन्न. पेशवाईच्या हिशेबांत देवस्थानांना, विद्वानांना, फकिरांना, लढाईत मेलेल्या शिपायाच्या बायकोला नेमून दिलेल्या सालिना रकमेला वर्षासन म्हणत. ते दर साली मागावं लागत नसे. सनद झाली की ठरल्या मितीला पोचत असे. मस्कतमधल्या किंवा ठाण्यातल्या चार घरांनी मिळून एका मुलाच्या नावाने असं वर्षासन लावलं, ते परवानगी असलेल्या संस्थेतून किंवा रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातून दिलं, आणि मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत चालू ठेवलं, तर माणशी महिन्याला येणारी रक्कम रियालमध्ये लिहावी लागणार नाही. ती बैशांत मावेल.